पडवीवर झाड पडलं तर



पाऊस तोंडावर आला आहे. शाकारणी उरकली असेल, लाकडं रचून झाली असतील, सुकी मासळी डब्यात बंद झाली असेल. आगोटीची ही कामं आपल्याला कुणी शिकवावी लागत नाहीत, आईला आणि सासूला बघूनच ती येतात. आज मी ज्या कामाबद्दल बोलणार आहे ते मात्र बघून शिकायला मिळत नाही, कारण ते न सांगता येतं. घरावर झाड पडलं तर काय करायचं, हा आजचा विषय. त्यातही पडवीवर पडलं तर.

पडवीच का, असं तुम्ही म्हणाल. कारण आपल्याकडे झाड बहुतेक वेळा तिथेच पडतं. अंगणाच्या कडेला आंबा, फणस, नारळ लावलेला असतो आणि घराचा सगळ्यात पुढे आलेला भाग म्हणजे पडवी. ती तीन बाजूंनी उघडी, बारीक खांबांवर उभी. शिवाय आपलं निम्मं आयुष्य तिथेच जातं. भात पाखडायचं तिथे, शिलाई मशीन तिथे, गटाची बैठकही तिथेच.

3 जून 2020 ही तारीख आमच्याकडे कुणाला सांगावी लागत नाही. त्या दिवशी दुपारी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन तालुक्यात दिवेआगरजवळ किनाऱ्याला लागलं. ताशी शंभर-एकशेदहा किलोमीटरचा वारा, झोत त्याहून जोराचे. श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड, खाली मंडणगड आणि आमचा दापोली तालुका, सगळीकडे बागा आडव्या झाल्या. पुढच्या वर्षी मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याजवळून गेलं तेव्हा निसर्गमधून उरलेली काही झाडं पडली. त्या दोन वादळांत मी जे बघितलं त्यावरूनच हे बोलणं आहे.

आमच्या वाडीत एका काकूंच्या अंगणात जुना फणस होता. तो मुळासकट उपटला आणि त्याचा बुंधा पडवीवर आडवा झाला. माजघराला काही झालं नाही, घरातलं माणूसही सुखरूप राहिलं. दुसऱ्या दिवशी वारा पडला. करोनामुळे चाकरमानी गावातच होते, त्यामुळे हातांना तोटा नव्हता. दहा-बारा पोरं कोयते, कुऱ्हाडी आणि एक कटर घेऊन आली. काकूंना वाटलं, देवच पावला. पोरांनी बुंधा मधोमध कापला. कापल्यावर तुकडा सरकला आणि त्याच्याबरोबर पडवीचं उरलेलं छप्पर खाली आलं. एका पोराच्या पायाचं हाड मोडलं. रस्ता झाडांनी बंद, गाडी येईना, त्याला खुर्चीत बसवून चौघांनी मुख्य रस्त्यापर्यंत नेलं.

संध्याकाळपर्यंत मात्र अंगण चकाचक. लाकडं एका कडेला, फुटकी कौलं परसात. आपल्याला पसारा सहन होत नाही ना! पंचनाम्याला माणूस आला नवव्या दिवशी. त्याला काय दिसलं? झाडलेलं अंगण आणि पडवी नसलेलं घर. त्याने लिहिलं, पडवीची कौले फुटली. तेवढंच. काकू नंतर दोन वेळा तालुक्याला जाऊन आल्या, पण कागदावर जे होतं तेच राहिलं. त्या माणसाची चूक म्हणता येणार नाही, समोर दिसेल ते तो लिहिणार. घाई आमची होती. तिने एकाचा पाय गेला आणि मदतही गेली.

म्हणून पहिले दोन दिवस कसे काढायचे, तेच मी जास्त वेळ सांगणार आहे.

सगळ्यात आधी वीज. झाड पडतं तेव्हा बऱ्याचदा तार घेऊन पडतं. ओली फांदी, ओली जमीन, पडवीचा पत्रा, कपडे वाळत घालायची तार, कुंपणाची तार, या सगळ्यांतून करंट येऊ शकतो. ठिणगी दिसत नाही, आवाज येत नाही म्हणून तार मेलेली आहे असं समजू नका. गावची लाईट गेलेली असली तरीसुद्धा नाही. शेजारच्या घरी इन्व्हर्टर किंवा जनरेटर चालू असेल आणि त्याची जोडणी नीट नसेल तर करंट उलटा तारेत येतो. लाईनमन मंडळींना हा धोका चांगला माहीत असतो. तुटलेली तार दिसली की तिच्यापासून तीस-चाळीस फूट लांब राहायचं, पोरांना आणि गुरांना लांब ठेवायचं आणि महावितरणला 1912 नंबरवर कळवायचं. तुम्ही आधीच तारेजवळ असाल तर पळू नका, ढांग टाकू नका. दोन्ही पाय जवळ ठेवून, पाय न उचलता, घसटत घसटत मागे या. जमिनीत पसरलेला करंट दोन पायांत अंतर पडलं की अंगातून जातो, म्हणून असं चालायचं. घरातला मेन स्विच कोरड्यात असेल आणि वाटेत काही पडलेलं नसेल तरच बंद करा. गॅसचा रेग्युलेटरही बंद करा.

मग घरातली माणसं मागच्या दाराने बाहेर. पडवीकडचं पुढचं दार उघडायचं नाही. कधी कधी ते दारच छपराचा भार धरून असतं, ही गोष्ट माझ्याही डोक्यात आली नव्हती. एका सुतारकाकांनी दाखवलं तेव्हा समजलं. चौकट तिरकी झाली आणि दार घट्ट बसलं असेल तर ओढाओढ करू नका.

आता लांबून, अंगणातून घराकडे बघा. झाड नेमकं कशावर टेकलं आहे? खांबावर, तुळईवर, की नुसत्या वाशांवर? आणि दुसरा प्रश्न, जो काकूंच्या पडवीत कुणी विचारला नाही: छप्पर कशावर टेकलं आहे? झाड छपरावर पडलेलं असतं हे दिसतं, पण मोडलेलं छप्परही झाडाच्या आधाराने उभं असतं हे दिसत नाही. दोघांनी एकमेकांना धरलेलं असतं. एक काढलं की दुसरं येतं. म्हणून झाडाला हात लावण्याआधी छपराला टेकू द्यायचा. सरळ, जाड बल्ली घ्यायची, खाली फळी घालायची म्हणजे ती ओल्या मातीत रुतत नाही, वरून तुळईला लावायची आणि पाचर मारून घट्ट करायची. टेकू लावायलाही मोडलेल्या भागाखाली जायचं नाही. चांगल्या उभ्या असलेल्या बाजूकडून सुरुवात करून एकेक टेकू पुढे सरकवत न्यायचा. हे काम सुताराचं किंवा गवंड्याचं आहे. तो मिळेपर्यंत थांबा. ताडपत्री टाकून माजघरात पाणी येणार नाही एवढं बघा आणि थांबा.

माजघराच्या भिंतीही तपासा. खांब किंवा भिंत कलली आहे का ते बघायला ओळंबा लागतो, पण दोरीला दगड बांधला तरी चालतो. भिंतीला भेग दिसली तर तिच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने खूण करून तारीख लिहा. दोन दिवसांनी भेग खुणेच्या पुढे गेलेली दिसली तर त्या खोलीत झोपू नका.

या थांबण्याच्या वेळात करायचं काम म्हणजे कागद. पलीकडच्या वाडीत एका वहिनींच्या पडवीवर आंबा पडला होता. त्या शिवणकाम करतात. त्यांनी दोन दिवस कुणाला कोयता लावू दिला नाही, सासूबाई बडबडत होत्या तरी. मोबाईलला चार्जिंग नव्हतं, आमच्याकडे लाईट यायलाच कित्येक आठवडे लागले. मग त्यांनी शिवणाची टेप घेतली आणि बाहेरून मापता येईल ते मापलं. पडवीची लांबी-रुंदी, संपूर्ण घराची लांबी-रुंदी, मोडलेले खांब किती, वासे किती, कौलं साधारण किती, भिंतीची भेग किती लांब. सगळं गटाच्या इतिवृत्ताच्या वहीत एका पानावर लिहिलं, तारीख आणि वेळ टाकली आणि वाडीतल्या दोघांच्या सह्या घेतल्या. नंतर शेजाऱ्याच्या फोनमध्ये थोडी बॅटरी होती त्यावर चार फोटो काढले. एक पूर्ण घराचा, ज्यात घर ओळखू येतं. एक झाडाच्या मुळाचा. दोन मोडतोडीचे. मोडलेला एक वासा आणि फुटक्या कौलांचा ढीग त्यांनी पंचनामा होईपर्यंत तसाच ठेवला. पंचनाम्यात त्यांचं सगळं नुकसान नीट उतरलं.

एवढ्या मोजमापाची गरज का, ते सांगते. नैसर्गिक आपत्तीत घराचं नुकसान झालं तर सरकारी मदतीचे निकष ठरलेले असतात. 2022 ते 2026 या काळासाठी केंद्राने ठरवलेल्या निकषांत, अंशतः पडलेल्या पक्क्या घराला 6,500 रुपये आणि कच्च्या घराला 4,000 रुपये होते. घराला लागून असलेल्या गोठ्याला 3,000. पूर्ण पडलेल्या घराला सपाट भागात 1,20,000. राज्य सरकार कधी कधी वरून भर घालतं. निसर्गनंतर पूर्ण पडलेल्या घराला दीड लाख दिले होते. दर बदलत राहतात, तेव्हा चालू दर ग्रामपंचायतीत विचारून घ्या. पण त्यातली एक अट आपल्या पडवीसाठी फार महत्त्वाची आहे. अंशतः नुकसानीची मदत मिळायची तर घराचं किमान 15 टक्के नुकसान झालेलं असावं लागतं.

आता हिशेब करा. घर सहाशे चौरस फूट आणि त्यात पडवी सव्वाशे चौरस फूट असेल, तर पडवी म्हणजे घराचा पाचवा भाग झाला, वीस टक्के. टक्केवारी ठरवणं साहेबांच्या हातात असतं, आपल्या नाही. पण कागदावर "कौले फुटली" एवढंच असेल तर ते पंधरा टक्के कुठून दिसणार? "पडवीचे तीन खांब, सात वासे, तुळई मोडली, सर्व कौले फुटली, माजघराच्या भिंतीला चार फूट भेग" असं असेल तर वाचणाऱ्याला घर दिसतं. आणि ही मदत आपत्तीची आहे, म्हणून झाड वादळाने पडलं हेही त्यात आलं पाहिजे. वारा नाही, पाऊस नाही आणि कुजलेलं झाड भरदुपारी पडलं, तर या मदतीत बसवणं कठीण.

तलाठी, ज्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, त्यांना आणि ग्रामपंचायतीला त्याच दिवशी कळवा. फोनवर कळवलं तरी मागून लेखी अर्ज द्या आणि आपल्या प्रतीवर पोच घ्या. बागेचं नुकसान वेगळं सांगा, त्याच्या पंचनाम्याला कृषी खात्याचा माणूस लागतो. पंचनामा झाल्यावर सही करण्याआधी तो वाचा. वाचता येत नसेल तर गटातल्या मुलीकडून वाचून घ्या. काही सुटलं असेल तर तिथल्या तिथे लिहायला सांगा. पंच म्हणून सह्या करायला नेहमी पारावरचे तेच दोन बाप्ये बोलावले जातात. आपण का नाही? बाईने पंच होऊ नये असा काही नियम नाही आणि फुटलेल्या डब्यांची, भिजलेल्या भाताची आठवण आपल्याला जास्त असते.

याच ठिकाणी दुसरी एक अडचण येते आणि ती झाडापेक्षा जड असते. घर कुणाच्या नावावर आहे? ग्रामपंचायतीच्या नमुना 8 ला, म्हणजे घरपट्टीच्या नोंदीला, बऱ्याच घरांवर अजून सासऱ्यांचं नाव आहे आणि सासरे जाऊन पंधरा वर्षं झालेली असतात. मदत खात्यात जमा होते, मग खातं कुणाचं? दीर मुंबईला, एक नणंद सुरतेला, सगळ्यांची संमती आणा. माझ्या माहितीत एका बाईला या एका कारणाने पुढच्या पावसापर्यंत थांबावं लागलं आणि तोवर ती ताडपत्रीखाली राहिली. वारस नोंद हे काम वादळात होत नाही, ते आत्ता करायचं. मृत्यूचा दाखला, वारसांची माहिती आणि अर्ज घेऊन ग्रामपंचायतीत जा. नवरा हयात असेल तर घर दोघांच्या नावावर करून घ्या. गेल्या वर्षी आमच्या ग्रामसंघाने एका बैठकीत सगळ्यांना घरपट्टीची पावती आणायला सांगितली होती. पावतीवर स्वतःचं नाव असलेल्या बाया हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या निघाल्या.

आता झाड कापणं. हे आपण स्वतः करणार नाही, पण उभं राहून करवून घेणार आहोत, म्हणून त्यातलं कळायला हवं.

ओली छडी दोन हातांत धरून वाकवून बघा. तिची वाकलेली बाहेरची बाजू ताणलेली असते आणि आतली बाजू दाबलेली असते. पडलेलं झाड असंच कुठे ताणलेलं, कुठे दाबलेलं असतं. बुंध्याचं एक टोक मुळाशी आणि दुसरं पडवीवर टेकलं असेल तर मधला भाग खाली झोल देतो. तिथे वरची बाजू दाबलेली आणि खालची ताणलेली. अशा ठिकाणी नुसतं वरून कापत गेलं की फट मिटते आणि कटर अडकतो. जोर लावला तर बुंधा फाटून उसळतो. जाणता कटरवाला आधी वरून तिसरा हिस्सा कापतो आणि उरलेलं खालून, तेही एका बाजूला उभं राहून. मोकळी लोंबणारी फांदी असेल तर उलट: आधी खालून थोडं, मग वरून. तुमच्याकडे आलेल्या माणसाला विचारा, "दादा, आधी कुठून कापणार?" तो उत्तर देताना झाडाकडे बघून विचार करत असेल तर ठीक. नुसता हसला तर दुसरा बघा.

कापायला सुरुवात शेंड्याकडून. बारीक फांद्या काढून भार हलका करायचा, पण ज्या फांद्या जमिनीत रुतून बुंध्याला लोळू देत नाहीत त्या शेवटपर्यंत ठेवायच्या. पडवीवरचा भाग लहान लहान तुकड्यांत, दोर बांधून, वर उचलून काढायचा. ट्रॅक्टरला साखळी लावून ओढायचा मोह सगळ्यांना होतो. ओढलेला बुंधा जाताना खांब घेऊन जातो. चांगलं राहिलेलं जोतंही उखडतं.

आणि मुळं. झाड मुळासकट उपटलं की मुळांची भली मोठी भिंत उभी राहते आणि शेजारी खड्डा पडतो. पोरांना तो खड्डा फार आवडतो. बुंधा कापला की मुळांवरचा तोल सुटतो आणि ती भिंत क्षणात परत खड्ड्यात बसते. खाली कुणी असेल तर ते हाती लागत नाही. कापाकापी चालू असताना तिथे कुणीही, अगदी शेळीसुद्धा नको.

ढोलीत मधमाश्या किंवा साप असू शकतो. फुटक्या कौलांखालीही जनावर येऊन बसतं, तेव्हा कौलं हाताने न उचलता काठीने उलटवा.

लाकडाचं सांगायला हवं, कारण वादळानंतर तिसऱ्या दिवशी गावात लाकडाचा व्यापारी येतो. "वहिनी, तुमचं झाड फुकट उचलून देतो, पैसे नकोत." आपल्याला तो उपकार वाटतो. फणसाचं जुनं लाकूड म्हणजे दार-चौकटीचं लाकूड, ते फुकट का द्यायचं? शिवाय आंबा, फणस, जांभूळ, ऐन, किंजळ, साग, खैर, चिंच अशी सोळा प्रकारची झाडं महाराष्ट्राच्या 1964 च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत आहेत. उभं झाड तोडायला परवानगी लागते हे आपल्याला माहीत आहे. वादळाने पडलेल्या झाडाचीही नोंद पंचनाम्यात करून घ्या आणि लाकूड गावाबाहेर जाणार असेल तर आधी वन खात्याला विचारा. नाहीतर व्यापारी निघून जातो आणि विचारणा घराच्या मालकिणीकडे येते.

काकूंच्या फणसाचे पोरांनी सोयीचे म्हणून तीन-तीन फुटांचे तुकडे केले होते. त्याचं सरपण झालं. वहिनींनी मात्र आंब्याचा बुंधा आठ फुटांवर मापून कापून घेतला. आंब्याचं लाकूड फणसाइतकं टिकाऊ नाही, त्याला भुंगा लवकर लागतो, तरी फळ्या निघाल्या. पडवीचा खांब सात-आठ फुटांचा लागतो, हे कापणाऱ्याला आधी सांगितलं नाही तर तो आपल्या सोयीने कापणार. ओलं लाकूड लगेच वापरायचं नाही. जमिनीपासून वर, मध्ये पट्ट्या घालून, सावलीत रचून ठेवा. वर्षभर वाळलं तर उत्तम.

पडवी परत बांधताना एक बदल जरूर करा. आपल्याकडे माजघराचेच वासे पुढे वाढवून त्यावर पडवी करायची पद्धत आहे. एकसलग उतार सुंदर दिसतो आणि पाणीही नीट जातं. पण उघड्या पडवीत वारा खालून शिरतो आणि छप्पर वर उचलतो. वासे एकच असतील तर पडवी जाताना घराचंही छप्पर ओढून नेते. वादळी भागातल्या घरांसाठी तज्ज्ञ सांगतात की पडवीचं छप्पर वेगळं ठेवावं, घराच्या भिंतीला थोडं खाली आणि स्वतःच्या आधारावर. मग गेली तर पडवी जाईल, घर राहील. वासा आणि तुळई नुसत्या खिळ्याने न जोडता लोखंडी पट्टीने बांधून घ्या. पत्रा असेल तर कडेच्या ओळीला हुक जास्त लावा, वारा आधी कड पकडतो.

खर्चाचं काय? उमेदच्या ग्रामसंघात जोखीम प्रवणता निधी असतो. तो अशाच वेळेसाठी आहे. वादळानंतर ठराव करायला बसण्यापेक्षा कुणाला किती, किती दिवसांत आणि परतफेड कशी, हे पावसाआधीच्या बैठकीत ठरवून ठेवा. आमच्याकडे ते ठरलेलं नव्हतं, म्हणून पैसे असूनही तीन आठवडे कुणाला देता आले नाहीत. दुसरं म्हणजे विमा. 2021 पासून विमा कंपन्यांना भारत गृह रक्षा नावाची एकसारखी पॉलिसी द्यावी लागते. तिच्यात वादळाचं नुकसान तर येतंच, पण वादळ नसताना झाड आदळून झालेलं नुकसानही येतं आणि व्हरांडाही घराचा भाग धरला जातो. घरासाठी कर्ज काढलेलं असेल तर बँकेने विमा उतरवलेला असू शकतो आणि आपल्याला पत्ताच नसतो. पासबुक घेऊन जा आणि विचारा. विमा असेल तर पंचनाम्याप्रमाणेच तिथेही पसारा हलवण्याआधी कळवायचं.

झाड शेजाऱ्याचं असलं तर? यावरून आमच्याकडे दोन घरांचं बोलणं बंद झालं आहे, म्हणून सांभाळून सांगते. निरोगी झाड वादळात पडलं तर शेजाऱ्याला दोष देऊन सहसा काही हाती लागत नाही. पण झाड वाळलेलं होतं, आपण लेखी कळवलं होतं आणि त्याने दुर्लक्ष केलं, तर गोष्ट वेगळी. धोकादायक झाड काढायचा आदेश तहसीलदार देऊ शकतात. पूर्वी ते फौजदारी संहितेच्या कलम 133 मध्ये होतं, आता नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 152 मध्ये आहे. तोंडी सांगण्याला इथे किंमत नाही, अर्जाची पोच हवी. अर्ज कधी करायचा? बुंध्याशी आळंबी उगवली असेल, एका बाजूची माती फुगून भेगाळली असेल, झाड गेल्या वर्षीपेक्षा जास्त कललं असेल, ठोकलं तर पोकळ वाजत असेल, तेव्हा. आपल्या स्वतःच्या झाडाकडेही याच नजरेने बघा. फळ देतं म्हणून आपण डोळेझाक करतो.

पडलेलं प्रत्येक झाड मेलेलं नसतं, हेही सांगते. लहान वयाचा आंबा कलंडला आणि निम्मी मुळं जमिनीत असतील तर तो उभा करता येतो. उघडी मुळं लगेच ओल्या गोणपाटाने झाका. फांद्या छाटून भार कमी करा, हळूहळू सरळ करा, टेकू द्या, माती भरा आणि कापलेल्या जागी बोर्डो पेस्ट लावा. निसर्गनंतर आमच्याकडे अशी उभी केलेली कलमं आज फळं देताहेत. नारळ-सुपारीचं तसं नाही. शेंडा शाबूत असेल तर वाकलेलं झाडही जगतं, शेंडा मोडला की संपलं, त्याला दुसरा कोंब येत नाही.

आता पेन घ्या आणि दोन नंबर स्वयंपाकघराच्या भिंतीवर लिहा, फोनमध्ये नको, फोन बंद पडतो. विजेसाठी 1912. जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षासाठी 1077. माणूस जखमी असेल तर 108 आपल्याला पाठच आहे. 1077 लावलात की आधी तालुका सांगा, मग गाव आणि वाडी. एकाच नावाची गावं दोन-दोन तालुक्यांत आहेत आणि घाईत आपण नुसतं वाडीचं नाव सांगून फोन ठेवतो.